मन्मथअप्पांनी वाचवलेली बाजू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी मन्मथअप्पांचं नाव घेतो. आईवडील यावर रागावत नाहीत. त्यांना विचारलं तर तेही तेच नाव घेतील. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आज मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. यात थोडी हुशारी माझी असेल, पण हट्ट सगळा अप्पांचा होता.

अप्पा शिक्षक नव्हते. शिरूर अनंतपाळच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, एका खिशात चुन्याची डबी, दुसऱ्या खिशात भिंग आणि खांद्यावर तेलकट फडकं. हे फडकं मुळात पांढरं होतं, असं ते शपथेवर सांगत. शाळेच्या चार पिढ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

त्यांची एक सवय सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. कुठलीही वस्तू हातात आली की ते ती डोळ्यांजवळ नेत, नाकाजवळ नेत आणि तिलाच विचारत, "कोण रं तू? कुणाचा?" मोडका तराजू असो, बंद पडलेलं घड्याळ असो, नाहीतर कुणाच्या विहिरीत सापडलेलं भांडं असो. उत्तर मिळेपर्यंत वस्तू खाली ठेवत नसत. शाळेच्या पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारातून आत डोकावत होतो, तेव्हा मलाही भिंगातून पाहत त्यांनी हेच विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. अप्पा म्हणाले, "ते बापाचं झालं. तू कोण?" मी पुन्हा तेच नाव सांगितलं. "बरं," ते म्हणाले, "सापडंल हळूहळू. घाई न्हाई."

घाई न्हाई हे त्यांचं ब्रीद होतं. परीक्षानळ्या धुताना ते प्रत्येक नळी उजेडाकडे धरत आणि आम्हाला ऐकवत, "नळी धुताना घाई करणारा माणूस लग्नातबी घाई करतो आन् मग जन्मभर रडतो." त्यांची दुसरी शिकवण अशी होती, की वस्तू खोटं बोलत न्हाई, बोलतो तो तिचा मालक. तिसरी मी पुढं सांगणार आहे, कारण ती कळायला मला तीस वर्षं लागली.

बारावीनंतर माझ्या वडिलांचा विचार होता, की मी आता शेत बघावं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. अप्पा एका सकाळी सायकलवर आमच्या गावी आले, ओट्यावर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "नागोराव, उद्या हा लातूरला येऊन राहिला माझ्यासंगं. तुम्हाला विचारायला न्हाई आलो, सांगायला आलो." लातूरच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत ते माझ्यासोबत दुपारपर्यंत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "तुम्ही पालक का?" अप्पा ताठ होऊन म्हणाले, "मी याचा प्रयोगशाळा परिचर." कारकुनानं पुढं काही विचारलं नाही. अर्जावर पालकाच्या रकान्यात त्यांनी सही केली ती अजून तिथं असेल.

मी शिकवायला लागलो आणि अप्पा निवृत्त होऊन मुदखेडला मुलीकडे, सुमनताईंकडे राहायला आले. नांदेडहून मुदखेड म्हणजे रेल्वेनं हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मी अधूनमधून जायचो. गेलो की ते आत वळून ओरडत, "सुमन, प्राध्यापक आले! खुर्ची पूस, मोडकी देऊ नको." खुर्ची एकच होती आणि ती मोडकीच होती.

आता सुरीची गोष्ट.

गावी आमच्या घराचं जुनं माळवद काढून स्लॅब टाकायचं ठरलं. तुळयांच्या वरची माती उपसताना गवंड्याच्या हाती एक चिंधी लागली आणि चिंधीत गंजानं तांबडीलाल झालेली, वीतभर पात्याची एक सुरी. दादांनी ती पाहिली आणि गवंड्याचं काम तिथंच थांबवलं. मग मला फोन. "बालाजी, बापाचा खंजीर सापडला रं!"

हा खंजीर मी जन्मापासून ऐकत होतो, पाहिला मात्र कुणीच नव्हता. माझे आजोबा दादांच्या लहानपणीच वारले. दादांना त्यांचा चेहराही आठवत नाही. त्यांच्याकडे वडिलांची म्हणून एकच गोष्ट होती, ती म्हणजे निजामाच्या राज्यात आजोबांनी एका रझाकाराच्या हातातून खंजीर हिसकावून घेतला होता. ही गोष्ट दादांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत मीही ती सांगितली आणि पहिला आलो. गावातली काही टवाळ मंडळी मात्र दादांना पाराजवळ गाठून विचारायची, "काय नागोराव, खंजीर दाखवा की एकदा." दादा उठून जायचे.

आता खंजीर सापडला. दादांनी त्याच दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. मुक्तिसंग्राम दिनाला तो शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा आणि दादांनी मंचावरून त्याची हकीकत सांगायची, असं ठरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा मंचावर बसणार होता. त्यांनी फेटा आणला. पाराजवळच्या मंडळींना स्वतः जाऊन निमंत्रण दिलं. सुरी साफ करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण घरात रसायनशास्त्र शिकलेला मी एकटाच.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि घासायला बसलो. पंधरा मिनिटांत पात्याची एक बाजू ताटासारखी चकाकायला लागली. मी खूश होऊन फोटो काढला आणि सुमनताईंच्या फोनवर पाठवला. दोन मिनिटांत अप्पांचा फोन. फोनवर ते नेहमी ओरडून बोलत, त्या दिवशी हळू बोलले.

"दुसरी बाजू घासलीस का?"

"नाही अजून."

"हात थांबव. पेपर खाली ठेव. ठेवलास?"

"ठेवला."

"आता रविवारी घेऊन ये. आन् तवर तिच्याकडं बघूबी नको."

वीतभर पात्याची सुरी पिशवीत घालून नांदेडच्या स्टेशनात शिरणं मला धाडसाचं वाटत होतं. म्हणून मी कॉलेजच्या लेटरहेडवर, 'प्रस्तुत वस्तू ऐतिहासिक स्वरूपाची असून' असं सुरू होणारं एक पत्र तयार करून खिशात ठेवलं. कुणीही विचारलं नाही. मुदखेडला अप्पांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग टेबलावर अंथरून त्यावर सुरी ठेवली. "कागद चांगला हाय. तेल शोषून घेईल."

मग त्यांनी भिंग काढलं. घासलेली बाजू वर होती. 

"हे कुणी केलं?"

"मीच केलं अप्पा, तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत हाय. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग सुरी उलटी करून म्हणाले, "बालाजी, गंज म्हंजे घाण न्हाई. त्याच्या खाली सुरीची सगळी हकीकत हाय. तू गंजासंगं हकीकतबी घासून टाकली. ह्या बाजूनं आता ती मुकी झाली. नशीब, दुसरं तोंड शाबूत हाय." आणि त्या शाबूत बाजूला त्यांनी विचारलं, "कोण गं तू? कुणाची?"

पूर्वी ते गंजाला रॉकेल लावत. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, म्हणून त्यांनी डिझेलमध्ये शिलाई मशीनचं तेल मिसळलं आणि कापडाच्या घड्या त्यात भिजवून पात्याला गुंडाळल्या. "आता आठ दिवस." पुढच्या रविवारी घडी सोडली तेव्हा गंज लोण्यासारखा मऊ झाला होता. तो त्यांनी बांबूच्या पातळ कामटीनं आणि तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेनं हळूहळू उचलला. लोखंडाला ओरखडा नाही. "तांबं मऊ असतं. गंज सोडवतं, लोखंडाला बोचत न्हाई. तुझ्या पेपरला गंज कोण आन् लोखंड कोण, कळतच न्हाई."

सुमनताई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बालाजीभाऊ, ह्यांनी माझी भाजी चिरायची सुरी तरी कधी इतक्या मायेनं पुसली का विचारा."

"तुझी सुरी मला वळखीची हाय," अप्पा म्हणाले. "ही पाहुणी हाय."

तिसऱ्या रविवारी पातं काळसर, स्वच्छ झालं होतं. अप्पांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारायला लागले. धार बघ. मी पाहिली. धारेवर सहाणेची रेघ कुठंच नव्हती. लोहारानं घडवली तेव्हापासून कुणी तिला धार लावलीच नव्हती. टोक बघ. टोकाकडचं दोन बोटं लोखंड खोल खड्डे पडून खाल्लेलं होतं, बाकी पातं मात्र गुळगुळीत.

"टोकालाच काहून खाल्लं?" अप्पांनी विचारलं.

मी रसायनशास्त्राचा माणूस. मी सांगितलं, "रक्तानं, अप्पा. रक्तात क्षार असतात. टोक रक्तात बुडालं असणार." मला स्वतःचंच उत्तर इतकं आवडलं की अंगावर काटा आला.

"रक्त. बरं." अप्पा मुठीकडे वळले. मूठ आणि पातं मिळतात तिथं एक पितळी कडं होतं. कड्याच्या फटीत त्यांनी टाचणी घातली आणि आतला बारीक चुरा पांढऱ्या चिंधीवर काढला. चिंधी थोडी ओली केली. मग खिशातून चुन्याची डबी काढून नखानं चुन्याचा ठिपका त्यावर ठेवला. चिंधीवर हळूहळू लाल डाग उमटला.

"रक्त!" मी ओरडलो. "अप्पा, रक्तच!"

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. सुमनताईंना हाक मारली. "सुमन, जरा ये. प्राध्यापकाला सांग हे काय हाय."

सुमनताईंनी डाग पाहिला. त्यांचं शिक्षण सातवी. "हळद," त्या म्हणाल्या. "हळदीला चुना लावला की लाल होतीच की. कुंकू तसंच तर करतात."

मी अकरावीला हळदीचा कागद शिकवतो. दरवर्षी शिकवतो. खाली मान घालून बसलो. अप्पा हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी सुमनताईंना आतून एक लिंबू आणायला सांगितलं आणि सुरीच्या टोकासमोर धरलं, टोचलं मात्र नाही. लिंबू त्या खाल्लेल्या दोन बोटांएवढंच होतं.

मग मला दिसलं. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून, दृष्ट लागू नये म्हणून. अक्षता पडेपर्यंत ती हातातून सोडायची नसते. हळदीचे हात मुठीवर, लिंबाचा रस टोकावर. एक लग्न नव्हे, कितीतरी लग्नं.

"हिनं आयुष्यात फकस्त लिंबं मारली," अप्पा म्हणाले.

मला हसू आलं आणि लगेच दादांचा फेटा आठवला. फ्लेक्स छापायला गेला होता. त्यावर 'रझाकाराच्या हातून हिसकावलेला खंजीर' असं लिहिलेलं मीच तपासून दिलं होतं. मी अप्पांना म्हणालो, "अप्पा, गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडतं? दादांकडं त्यांच्या बापाची ही एकच गोष्ट आहे. ती काढून घेतली तर त्यांच्याकडं उरतं काय?"

अप्पा फडक्यानं पातं पुसत राहिले. मग म्हणाले, "पॉलिश पेपर लई लवकर हातात घेतोस तू. निस्तं खोटं हाय म्हणून घासून टाकू नको. तेल लाव, थांब. खाली काय हाय ते निघंल. पण निम्मं सांगू नको. आन् ध्यानात ठेव, चकाकली म्हणून वस्तू साफ होत न्हाई. तिला तिचं काम परत द्यायचं. मग साफ झाली म्हणायची."

ही ती तिसरी शिकवण.

त्यांनी सुरी नव्या चिंधीत गुंडाळून दिली. वर बजावलं, "काय झालं ते फोनवर सांगू नको, मला ऐकू येत न्हाई आन् तू भरभर बोलतोस. लिहून धाड."

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. मी मुदखेडला गेलो तेव्हा सुमनताईंनी त्यांचं भिंग माझ्या हातात दिलं आणि भिंगाच्या डबीत घडी घालून ठेवलेलं माझं पत्र. त्यावर जागोजागी तेलाची बोटं उमटली होती. तेच पत्र इथं उतरवतो.

नांदेड,
रविवार

तीर्थरूप अप्पांना बालाजीचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण गोष्ट पुरी व्हायची होती.

तुम्ही बजावलं होतं की निम्मं सांगू नको. मी पहिल्या दिवशी निम्मंच सांगितलं. दादांना म्हणालो, सुरी जुनी आहे, पण खंजीर नसावा. त्यांनी विचारलं, "मग काय हाय?" तेव्हा हळद, चुना, लिंबू, सगळंच सांगावं लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "तू शिकलास म्हणून माझा बाप भेकड झाला का रं?"

 दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई मधे निरोप पोचवत होती, "दादा विचारून राहिलेत, प्राध्यापकानं चहा घेतला का." प्राध्यापक हा शब्द ते तुमच्याकडूनच शिकलेत.

तिसऱ्या दिवशी ते सुरी घेऊन चंद्रभागाकाकूंकडे निघाले. गावात त्यांच्याएवढं वय कुणाचंच नाही. दादा तुमच्याविरुद्ध साक्ष काढायला चालले होते. मी मागं मागं. दादा म्हणाले, "काकू, ह्यो माझ्या बापाचा खंजीर. सांगा ह्याला." काकूंना नीट दिसत नाही. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि हसायलाच लागल्या. "अरं नाग्या, कशाचा खंजीर! ही तर आमच्या लग्नातली कट्यार. हिचं लिंबू गळून माझ्या नव्या लुगड्यावर डाग पडला. सासूनं वर्षभर ऐकवलं मला."

दादांचा चेहरा मला बघवेना. मी उठणार होतो. तुमचं थांब आठवलं म्हणून थांबलो.

मग काकूंनी विचारलं, "पण तुला सापडली कुठं? तुझ्या बापानं तर कुणालाच सांगितलं नव्हतं." आजोबा त्या कट्यारीचे राखणदार होते म्हणे. लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरदेवाच्या हातात ती त्यांनीच द्यायची आणि अक्षता पडल्यावर परत आणायची. रझाकार झडत्या घ्यायला लागले तेव्हा घराघरांतलं लोखंड उचलून नेत होते. आजोबांना दोन दिवस चावडीवर बसवून मारलं, सुरी कुठं आहे म्हणून. काकू म्हणाल्या, "आमच्या घरच्यांनी हात जोडले, देऊन टाक बाबा, लिंबू टोचायची सुरी ती. तर म्हणतो कसा, गावची पोरं मोकळ्या हातानं बोहल्यावर चढवू का? न्हाई दिली. आन् पुढं वरीसभरात गेलाच तो."

दादा तिथून उठले ते सुरी दोन्ही हातांत धरून चालले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "म्हंजे हिसकावली न्हाई. हिसकावू देली न्हाई." मग थोड्या वेळानं, "फ्लेक्सवाल्याचा फोन लाव."

फ्लेक्स बदलायला वेळ नव्हता. तो तसाच लागला. दादा फेटा बांधून मंचावर उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "मागं लिवलंय ते चूक हाय. मीच सांगितलं होतं, चुकलं माझं. ही लिंबू टोचायची सुरी हाय." पोरं हसली. पाराजवळची मंडळी तर फारच हसली. दादा थांबले, त्यांचं हसणं होऊ दिलं आणि मग चावडीवरचे दोन दिवस सांगितले. नंतर कुणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा चिठ्ठी पाठवली तरी ते खाली बसले नाहीत, एवढं मात्र तुम्हाला सांगायला हवं.

मुख्याध्यापकांनी सुरी शाळेच्या कपाटात ठेवायला मागितली. दादा म्हणाले, "वर्षातून एक दिवस घेऊन जा. बाकीचे दिवस तिला काम हाय."

ते काम परवा झालं. माझ्या पुतण्याचं लग्न होतं. दादांनी स्वतःच्या हातानं लिंबू टोचून कट्यार त्याच्या हातात दिली. अक्षता पडल्या तशी मंडळी पंगतीला धावली. दादा मात्र नवरदेवापुढं हात पसरून उभे. आधी कट्यार परत. लिंबू काढलं, पातं तुमच्या चिंधीनं पुसलं, मशीनचं तेल लावलं, तेव्हा कुठं हलले. तोवर पंगत ताटावर खोळंबली होती. व्याही रुसता रुसता राहिले. पाराजवळच्यांपैकी एकाच्या नातवाचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. तो परवाच दादांकडे येऊन कट्यार लागेल म्हणून सांगून गेला.

मी घासलेली बाजू तशीच आहे. तिला पुन्हा काळं करता येईल, मला रीत माहीत आहे. पण दादा करू देत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी शाबूत बाजू दाखवतात आणि म्हणतात, "ही अप्पांनी वाचवली." मग उलटी करून दाखवतात, "आन् ही आमच्या प्राध्यापकानं."

तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर भिंग लगेच हातात घेऊ नका. सुमनताईंना नमस्कार.

तुमचा,
बालाजी